बेने इस्राएल आळीतील विनोदी रहस्यकादंबरी: गुन्हा कुठून आणावा आणि हसू कुठून

अलिबाग तालुक्यातील एका गावाच्या इस्राएल आळीत, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंच्या वस्तीत, घडणारी विनोदी रहस्यकादंबरी तुमची निम्मी लिहून झाली आहे. तिच्यात एक रब्बी गुप्तहेर आहे, एक खून आहे, विनोद भरपूर आहेत, आणि तरीही वाचणारे म्हणतात की ही गोष्ट कुठल्याही आळीत घडली असती. चूक नेमकी कुठे होते आहे, आणि इतक्या लहान समाजावर विनोदी लिहिताना तो दुखावला जाऊ नये म्हणून काय सांभाळावे, असे तुम्ही विचारले आहे. मी तीस वर्षे रहस्यकथा लिहीत आणि इतरांच्या तपासून देत आलो आहे, आणि माझे बालपण रेवदंड्यात बेने इस्राएल शेजाऱ्यांच्या ओटीवर गेले आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या मनाच्या फार जवळचा आहे आणि त्याचे उत्तर मी सविस्तर देणार आहे.

माझे मुख्य म्हणणे असे आहे: ज्या नियमामुळे तुमच्या कथेत हसू उमटते, त्याच नियमामुळे गुन्ह्याची उकलही झाली पाहिजे. तुमच्या मसुद्यात विनोद पात्रांच्या लकबींतून येतो आणि उकल मात्र पोलिसांच्या शवविच्छेदन अहवालातून येते. ही दोन्ही एकमेकांना कुठेही भेटत नाहीत, म्हणून आळी ही केवळ रंगवलेला पडदा होऊन राहते. ज्यू जीवन हे नियमांनी विणलेले जीवन आहे: काय खावे, कोणत्या घटकेपासून दिवा लावू नये, किती माणसे जमल्यावर प्रार्थना सुरू करावी, साक्ष कोणाची धरावी. रहस्यकथेला लागते ते नेमके हेच, कारण सर्वांना माहीत असलेला नियम कोणीतरी मोडला, किंवा मोडता आला असता तरी मोडला नाही, यातूनच पुरावा निर्माण होतो.

हे मी बाहेरून आणून लादत नाही. या समाजाची सर्वांत लाडकी गोष्ट हीच मुळात एक तपासकथा आहे. परंपरा अशी सांगते की, गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, पुढच्या पिढ्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पुढे कधीतरी दावीद रहाबी नावाचा एक ज्यू बाहेरून आला. हे लोक आपल्यापैकी असावेत असा त्याला संशय होता. त्याने कोणाला वंशावळ विचारली नाही. त्याने बायकांच्या हाती निरनिराळ्या जातींची मासळी दिली आणि रांधायला सांगितले. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी निवडून घेतली आणि बाकीची बाजूला सारली. रहाबीला उत्तर मिळाले. या गोष्टीत कबुली नाही आणि साक्षीदारही नाही. एक टोपली आहे, एक नियम आहे आणि त्या नियमाचा अर्थ ओळखणारा एक पाहुणा आहे. शिवाय प्रसंग हसराही आहे, कारण रांधणाऱ्या बाईला आपली परीक्षा चालली आहे याची कल्पनाच नाही. कोळंबी घेऊन हा पाहुणा आपल्या दारात का आला, एवढाच तिला प्रश्न. तुमच्या कादंबरीतील प्रत्येक दुव्याची घडण अशी असावी असे मला वाटते.

आता रब्बीविषयी. अमेरिकेत 1960 च्या दशकापासून गुप्तहेर रब्बी वाचकांच्या परिचयाचा झाला आणि तुमचा नायक तिथूनच आला आहे हे उघड दिसते. परंतु बेने इस्राएल समाजात परंपरेने रब्बी नव्हते. प्रार्थना चालवणारा तो हज्जान, पैशाचा हिशेब ठेवणारा तो गब्बाई, प्रार्थनामंदिराचा कारभार पाहणारे मुकादम आणि चौगुले, आणि किल्ल्या सांभाळणारा, दिवे लावणारा, पुस्तके मांडणारा तो शमाश. कोकणातल्या आळीत तुम्ही रब्बी बसवलात की पहिल्याच पानावर जाणत्या वाचकाचा विश्वास उडतो. तुमचा गुप्तहेर शमाश असावा. कोण उशिरा आले, कोण आलेच नाही, कोणाच्या जागेवरचे पुस्तक उघडलेलेच नाही, हे त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. त्याला अधिकार नाही, कोणी त्याला विचारत नाही, समितीच्या बैठकीत त्याला दाराशी उभे केले जाते. म्हणून सगळे त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलतात.

खून काढून टाका. खून झाला की पंचनामा, शवविच्छेदन आणि न्यायालय येते, आणि आळीचे सगळे नियम दुय्यम ठरतात. त्याहून मोठे कारण असे की, 1948 नंतर घरामागून घर इस्राएलला निघून गेल्यावर कोकणातल्या प्रार्थनामंदिरांत सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष जमवणे हीच विवंचना झाली. त्या दहांना ज्यू परंपरेत मिन्यान म्हणतात. जिथे एकेक माणूस मोजून आहे, तिथे एक मृत्यू ही विनोदी कथेची सुरुवात होऊ शकत नाही. लहान गुन्हा घ्या. तो आळीपुरता मोठा असला म्हणजे पुरे.

कसा गुन्हा, ते दाखवण्यासाठी मी एक आराखडा मांडतो. तो तुम्ही वापरावा असा आग्रह नाही, पण नियमातून कथा कशी उलगडते ते त्यातून दिसेल.

बेने इस्राएल ज्याला दारफळणीचा सण म्हणतात तो योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. ज्यू पंचांगातील तिश्री महिन्याची दहावी तिथी, आदल्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत सुमारे 25 तासांचा कडक उपास. प्रार्थनामंदिरे बांधली जाण्यापूर्वी लोक घराची दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून, कोणाला न शिवता हा दिवस पाळत, म्हणून हे नाव. दिवसातल्या शेवटच्या प्रार्थनेचे हिब्रू नाव नेइला आहे आणि त्याचाही अर्थ दार लागणे असाच आहे, हा योग मला नेहमी सुंदर वाटत आला आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्याने बंद दाराआडच्या गुन्ह्यासाठी परदेशी वाडे शोधत का फिरावे, जर आपल्याच भाषेत एका सणाचे नाव दारफळणी आहे? मात्र एक काळजी घ्या. जुन्या काळातली कथा लिहिलीत तर सगळे घरात बंद आणि आळी सुनी. आजची लिहिलीत तर सगळे दिवसभर प्रार्थनामंदिरात आणि घरांना कुलपे. दोन्हींत रहस्य पूर्ण वेगळे होते. अलिबागच्या मागेन अबोथ या प्रार्थनामंदिराची स्थापना 1848 ची आहे. त्याच्या आधीची कथा आणि नंतरची कथा यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

या दिवसाचा दुसरा नियम कथेसाठी अमूल्य आहे. माणसाने देवाचा अपराध केला तर योम किप्पूरने प्रायश्चित्त होते, पण शेजाऱ्याचा अपराध केला असेल तर त्या शेजाऱ्याचे समाधान केल्याशिवाय होत नाही, असे मिश्ना हा धर्मशास्त्राचा ग्रंथ स्पष्ट सांगतो. म्हणजे चोरावर मुदत आहे, आणि ती मुदत सूर्यास्त आहे. आमच्या शेजारच्या आजी आदल्या दुपारी आमच्या घरून नेलेली परात घासूनपुसून परत आणत आणि माझ्या आईला म्हणत, "काही बोलले-चालले असेल तर मनात ठेवू नकोस." माझी आई दरवर्षी संकोचून जाई. ती दुपार मला आजही दिसते. तुमच्या कादंबरीत ती दुपार मोठी करा. आळीभर उसन्या नेलेल्या वस्तू परत येत आहेत: छत्र्या, पाटा-वरवंटा, विळी, नऊ वर्षांपूर्वी नेलेले इस्त्रीचे भांडे, जे कोणाचे हे आता दोन्ही घरांना आठवत नाही. या गर्दीत, प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर, तीन महिन्यांपूर्वी नाहीसा झालेला चांदीचा रिम्मोन, म्हणजे तोराच्या (ज्यू धर्मग्रंथाच्या) गुंडाळीच्या दांड्यावर बसवायचा घुंगरांचा तुरा, फडक्यात गुंडाळलेला सापडतो.

येथे प्रश्न उलटा होतो. चोरी कोणी केली हा शोध तीन महिन्यांत थंडावला होता. वस्तू कोणी परत ठेवली हा शोध आता सुरू होतो, आणि त्यासाठी उरलेला वेळ अत्यंत थोडा आहे, कारण सूर्य मावळला की शमाशाला लिहिता येणार नाही, दूरध्वनी करता येणार नाही, वाहनाने जाता येणार नाही. बाकीच्या रहस्यकथांत गुप्तहेर वही काढतो. तुमच्या गुप्तहेराला 25 तास वहीच नाही. त्याला सगळे डोक्यात ठेवावे लागते, तेही उपाशीपोटी. आता हसू कसे येते ते पाहा. मुंबईत काही प्रार्थनामंदिरांबाहेर 2008 नंतर पोलीस पहारा असतो. तुमच्या गावातही सणापुरता एक हवालदार नेमलेला आहे असे धरा. स्वतःला वर्ज्य असलेले काम दुसऱ्याला सांगून करून घेणेही सामान्यतः नियमात बसत नाही. पण नुसती वस्तुस्थिती बोलून दाखवण्याला वाव असतो. म्हणून शमाश हवालदाराला "लिहून घ्या" असे म्हणू शकत नाही. तो म्हणतो, "साहेब, पाच जणांनी पाच वेळा सांगितल्या, आणि उद्या संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात राहतील असे वाटत नाही." हवालदार सहानुभूतीने मान हलवतो आणि म्हणतो, "उपासाने होते तसे." या संवादात कोणाचीही टिंगल नाही. दोन भली माणसे आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक नियम उभा आहे.

पुरावेही नियमातून यावेत. प्रार्थनामंदिरात काचेच्या पेल्यांत पाण्यावर खोबरेल तेल घालून वाती तेवत ठेवल्या असतील, तर सूर्यास्तानंतर त्यांत तेल घालायचे नाही आणि वात पुढे सारायची नाही. म्हणजे पेल्यातील तेलाची पातळी हे कोणालाही हात लावता न येणारे घड्याळ झाले. रात्री मंदिरात कोणीतरी एक दिवा जवळ घेऊन काही शोधले, वारा लागून ती वात भरभर जळली, आणि पहाटे त्या एकाच पेल्यात तेल कमी दिसले, तर तेल्यांच्या वंशातला शमाश ते बोटभर अंतर बघताक्षणी तास सांगू शकेल. या दिवशी चामड्याची पादत्राणे वर्ज्य आहेत; सप्टेंबर-ऑक्टोबरात कोकणात अजून चिखल असतो; तेव्हा दारात ओल्या चिखलाने भरलेली एक चामडी वहाण दिसली तर तिचा मालक एक तर नियम विसरला आहे, किंवा सूर्यास्तापूर्वी कुठेतरी घाईने गेला आहे, किंवा या आळीचा नाही. तिन्ही शक्यता वाचकासमोर खुल्या ठेवता येतात, कारण नियम तुम्ही आधीच, गमतीच्या एखाद्या प्रसंगात, सांगून ठेवलेला असेल.

खाण्याचे नियमही असेच वापरा. मांसाबरोबर दूध वर्ज्य असल्यामुळे बेने इस्राएल स्वयंपाकात नारळाच्या दुधाला मोठे स्थान आहे, आणि नव्या वर्षाच्या सणाला गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध घालून हलवा करतात. हे नवे वर्ष दारफळणीच्या आधी नऊच दिवस येते. परत आलेला रिम्मोन हलवून पाहिला तर वाजत नाही. घुंगरांत हलवा वाळून बसला आहे. म्हणजे तो कोणाच्या तरी हलव्याच्या भांड्याशी लपवला होता, आणि आळीत हलव्याच्या घट्टपणावरून घर ओळखणाऱ्या किमान चार बायका असणार. त्या चौघींची साक्ष, आणि साक्ष देता देता एकमेकींच्या हलव्यावरचे अभिप्राय, हे प्रकरण तुम्ही जितके लांबवाल तितके लांबवा. मात्र मटणाच्या पातेल्याशेजारी दह्याचा वाडगा दिसला म्हणून परका माणूस जेवून गेला, असा ठाम निष्कर्ष काढू नका. सगळी घरे सारखी काटेकोर नसतात, आणि हे शमाशाला माहीत असते.

आता या आराखड्याच्या मर्मस्थानी येतो. योम किप्पूरच्या प्रार्थनेत विद्दुय म्हणजे पापांची कबुली असते. ती वर्णानुक्रमाने रचलेली आहे, छातीवर हलकेच मूठ मारत ती म्हणायची असते, दिवसभरात ती अनेकदा म्हटली जाते, आणि ती बहुवचनात असते. तिच्यातील एक शब्द आहे गझलनू, म्हणजे आम्ही लुबाडले. बाहेर बसलेल्या हवालदाराच्या हाती कोणीतरी मराठी भाषांतर असलेले प्रार्थनेचे पुस्तक दिले आहे असे कल्पा. चोरीचा तपास चाललेल्या गावात, दाराआडून सगळी मंडळी एका सुरात चोरीची कबुली देत आहेत, आणि तीही पुन्हा पुन्हा. हवालदाराची त्या क्षणीची अवस्था हा तुमच्या कादंबरीतील सर्वांत मोठा हशा ठरेल. आणि उकलही नेमकी तिथेच आहे: शमाशाच्या कानावर एका कोपऱ्यातून गझलनूऐवजी गझलती येते. आम्ही लुबाडले असे नव्हे, मी लुबाडले. सगळ्यांच्या कबुलीत लपून जाता आले असते, पण त्या माणसाला आज लपवत नाही.

यापुढे साधा लेखक कथा संपवील. नियम जाणणारा लेखक इथून खरी कथा सुरू करील, कारण ज्यू न्यायशास्त्रात फौजदारी प्रकरणात आरोपीच्या स्वतःच्या कबुलीवर त्याला दोषी ठरवता येत नाही. दोन साक्षीदार लागतात, ते नातलग चालत नाहीत, आणि त्यांची उलटतपासणी बारकाईने करावी लागते. लहान आळीत नातलग नसलेले दोन साक्षीदार शोधणे किती कठीण असेल याचा विचार करा. प्रत्येक जण प्रत्येकाचा मावसभाऊ, साडू किंवा व्याही निघतो. साक्षीदारांना वेगळे काढून विचारण्याची पद्धतही फार जुनी आहे. दानिएलाच्या ग्रंथाला जोडलेल्या ग्रीक भागांत, जे हिब्रू बायबलात नाहीत, सुसान्नेवर खोटा आळ घेणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांना तरुण दानिएल एकेकटे उभे करतो आणि एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली? दोघे दोन झाडे सांगतात. तुमच्या शमाशाने ही गोष्ट कुठल्या तरी कीर्तनात ऐकलेली असू द्या. बेने इस्राएलांनी 1880 च्या सुमारास मराठी कीर्तनाची परंपरा सुरू केली, बायबलातील कथा साकी-दिंडी-ओव्यांत बांधून गाइल्या; कीर्तनकाराच्या रंगात आलेल्या निवेदनाइतका अस्सल विनोदी आवाज तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही. तुमचे सध्याचे निवेदन इंग्रजी गुप्तहेरकथेच्या कोरड्या सुरात आहे. तो सूर बदलला तर अर्धी कादंबरी आपोआप दुरुस्त होईल.

मग चोर कोण आणि त्याने का चोरले? हेतू समाजाच्या जगण्यातून यावा. माणसे कमी झाली की प्रार्थनामंदिरातील तोराच्या गुंडाळ्या आणि चांदीच्या वस्तू दुसरीकडे हलवण्याचा विषय निघतो. माझ्या आराखड्यातील म्हाताऱ्याने रिम्मोन विकण्यासाठी नेलेला नाही. जोडीतील एक नाहीसा झाला तर दुसरा कोणी हलवणार नाही, आणि वस्तू राहिल्या तर मंदिर उघडे राहील, एवढाच त्याचा हिशेब. आणि तो म्हातारा दहावा माणूस आहे. ज्यू परंपरेत माणसे थेट एक-दोन-तीन अशी मोजत नाहीत. स्तोत्रसंहितेतील अठ्ठाविसाव्या स्तोत्राचे शेवटचे वचन, ज्यात हिब्रूत नेमके दहा शब्द आहेत, ते एकेका माणसाकडे पाहत म्हणतात. शमाश सकाळपासून ते वचन म्हणतो आणि नवव्या शब्दावर अडतो, कारण म्हातारा शरमेने दाराबाहेरच घुटमळतो आहे. गुन्हेगार कोण हे शमाशाला कळले आहे, पण ते उघड केले तर म्हातारा निघून जाईल, मिन्यान मोडेल आणि तोरा वाचता येणार नाही. म्हणून गुप्तहेरालाच गुन्हेगाराला दिवसभर सांभाळून बसवावे लागते, आणि गब्बाई, चौगुले व हवालदार यांना त्याच्यापासून दूर ठेवावे लागते. ही धावपळ विनोदी आहे, आणि वाचकाचा जीवही तिच्यात अडकलेला आहे.

साल निवडताना पंचांग जवळ ठेवा. तिश्रीची दहावी म्हणजे चांद्र दशमीच्या आसपासचा दिवस, म्हणून मध्यरात्रीनंतर चंद्र मावळेपर्यंत आळीत उजेड असतो. "काळोख्या रात्री" असे वाक्य तुमच्या मसुद्यात आहे, ते काढा. आपल्या आणि ज्यू पंचांगांत अधिक महिना वेगवेगळ्या वेळी येत असल्यामुळे हा दिवस कधी भाद्रपदात पडतो, कधी आश्विनात. 2023 साली तो 25 सप्टेंबरला, ऐन गणेशोत्सवात आला होता. 2024 मध्ये 12 ऑक्टोबरला आणि 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला तो चक्क दसऱ्याच्याच दिवशी आला. शेजारी सोने द्यायला येतात आणि आळीतील एकही दार उघडत नाही. ते आपट्याची पाने उंबऱ्यावर ठेवून जातात. चांदण्या उगवल्यावर मंडळी घरी परततात, तेव्हा एकाच उंबऱ्यावरची पाने चुरगळलेली असतात. हे एवढे एक दृश्य मिळाले म्हणून मी 2024 किंवा 2025 हेच साल घेतले असते. इस्राएलमधील साक्षीदारालाही हिशेबात घ्या. अश्दोदला राहणाऱ्या मुलाचे घड्याळ त्या दिवसांत आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. येथे सूर्य मावळल्यावर तिथला दूरध्वनी आणखी काही वेळ चालू असतो, आणि दुसऱ्या संध्याकाळी येथे उपास सुटला तरी तिकडून उत्तर येण्यासाठी तितकाच वेळ थांबावे लागते.

भाषेच्या बाबतीत एकच सांगतो, पण ते महत्त्वाचे आहे. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत आले. सामाजी हसाजी (सॅम्युएल इझिकेल) दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत बांधलेले पहिले प्रार्थनामंदिर जुनी मशीद म्हणूनच ओळखले गेले, आणि तो रस्ता त्यांच्या नावाने सॅम्युएल स्ट्रीट झाला. आता एखादी म्हातारी हवालदाराला सांगते, "तो तेव्हा मशिदीत होता," आणि हवालदार गावातल्या दुसऱ्याच मशिदीत चौकशी करून येतो. अशा गैरसमजातून तुम्हाला एक खोटा ठावठिकाणा फुकट मिळतो, आणि वाचक फसला तरी त्याला तुमच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही, कारण तो शब्द तुम्ही दुसऱ्या प्रकरणात योग्य अर्थाने वापरलेला असेल. सण, पदार्थ, पदे यांचे अर्थ पात्रांच्या बोलण्यातच खुलवा. पानाच्या तळाशी टिपा देऊ नका. पेणकर, रोहेकर, नागावकर, चेऊलकर अशी आडनावे गावावरून पडलेली आहेत, आणि आडनाव सारखे असल्यामुळे होणारा गोंधळ इथे स्वाभाविक आहे.

दुखावण्याविषयी मी स्पष्ट बोलतो. तुमच्या मसुद्यात कंजूष सावकाराचे पात्र आहे. ते यूरोपातून आलेले, यूरोपात माणसांचा छळ करण्यासाठी वापरले गेलेले चित्र आहे, आणि या समाजाच्या इतिहासाशी त्याचा संबंध नाही. हे लोक तेलाचे घाणे चालवणारे, शेती करणारे, सुतारकाम करणारे, पुढे कंपनीच्या पलटणीत, रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणारे होते. ते पात्र पूर्ण काढा. दुसरे असे की, परदेशातून आलेला पाहुणा गंमत म्हणून "पण तुम्ही खरे ज्यू आहात का?" असे विचारतो, त्या वाक्यावर तुम्ही हशा अपेक्षिला आहे. 1960 च्या दशकाच्या आरंभी इस्राएलमध्ये बेने इस्राएलांच्या विवाहांच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश निघाले होते. लोकांनी त्याविरुद्ध आंदोलन केले आणि 1964 मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य झाले. ज्यांच्या आईवडिलांनी तो प्रश्न ऐकला आहे, त्यांच्यासाठी ते वाक्य विनोद नाही. ठेवायचेच असेल तर पाहुण्याच्या तोंडी ठेवा आणि त्याला उत्तर शमाशाच्या आईने मासळीची टोपली पुढे करून द्यावे. एलियाहू हन्नाबी (प्रेषित एलिया) यांच्यावरील श्रद्धा, त्यांच्या नावाने होणारा मलिदा हा विधी आणि अलिबागजवळच्या खंडाळ्यातील, त्यांच्या आगमनाची खूण मानला जाणारा टापा यांना मात्र गमतीच्या कक्षेबाहेर ठेवा. नियम पाळताना माणसाची होणारी तारांबळ हसण्याजोगी असते. ज्याच्या आधारावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली, ते नाही. मसुदा पुरा झाल्यावर समाजातील एखाद्या वयस्कर वाचक बाईंना तो मोठ्याने वाचून दाखवा. त्या कुठे हसतात यापेक्षा कुठे तुम्हाला थांबवून "असे नाही करत आम्ही" म्हणतात, ते टिपून घ्या. त्या दुरुस्तीत बहुधा एक नवा दुवा सापडतो.

पहिली तीन प्रकरणे बाजूला ठेवा आणि कादंबरी त्या परतफेडीच्या दुपारी सुरू करा. चार वाजले आहेत, सूर्यास्ताला अडीच तास उरले आहेत, शमाश पेले पुसतो आहे, आणि ओट्यावर परात, दोन छत्र्या आणि इस्त्रीच्या भांड्याशेजारी कोणीतरी फडक्यात बांधलेली एक वस्तू ठेवून गेले आहे, जी तो अजून उघडून पाहत नाही, कारण ती कोणाच्या तरी घरची पोळपाट-लाटणी असावी अशी त्याची समजूत आहे.